आधी सुख अंगाला लागू द्या, आभार मागून येतील

वाचकाचं पत्र

मी ४६ वर्षांची आहे. नोकरी, नवरा, दोन मुलं, सासूबाई असं भरलं घर आहे. थंडी सुरू झाली की माझं मन दरवर्षी थोडं उतरतं. अंधारात उठायचं, अंधारातच घरी यायचं. गेल्या वर्षी एका मैत्रिणीनं सुचवलं की रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी वहीत लिही, ज्यांच्याबद्दल आभार वाटतात. सुरुवातीला छान वाटलं. मग रोज तेच यायला लागलं: गरम पाणी, डोक्यावर छप्पर, मुलं, तब्येत, पांघरूण. आता लिहिताना काहीच वाटत नाही. उलट आपण किती कोरड्या झालो आहोत, असं वाटतं. बहीण म्हणते, "तुला कमी काय आहे?" ते ऐकून आणखी अपराधी वाटतं. रात्री पांघरुणात शिरले की बाहेर कुडकुडणारी माणसं आठवतात आणि तेवढंही सुख लागत नाही. सासूबाई पहाटे उठून सगळ्यांसाठी पाणी तापवतात. वहीत त्यांचे आभार मी कितीदा तरी मानले, पण त्यांच्याशी बोलताना मी तुटकच असते. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो म्हणतात, पण सकाळ तर आणखीच काळोखी वाटते. माझं काय चुकतंय? वही बंद करू का?

उत्तर

ताई,

तुम्ही कोरड्या झालेल्या नाही. ज्याला काही वाटेनासं झालंय तो माणूस बाहेर कुडकुडणाऱ्यांची आठवण काढून तळमळत नाही. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला एकच गोष्ट दिसली. वहीत तुम्ही ज्या सुखांचे आभार मानता, ती सुखं त्या दिवशी तुमच्यापर्यंत पोचलेलीच नसतात. रात्री दमून भागून तुम्ही 'गरम पाणी' एवढे दोन शब्द लिहिता. पण सकाळी ते पाणी अंगावर पडत होतं तेव्हा तुमचं मन डबे, उशीर, ऑफिसातलं राहिलेलं काम यात होतं. अंगाला लागलंच नाही त्याचे आभार मनातून कुठून यायचे? ते ओढूनताणूनच आणावे लागतात, आणि ओढून आणलेली कृतज्ञता लवकर थकवते.

याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, पण त्याआधी एक गोष्ट विचारायलाच हवी. तुमचं मन दरवर्षी याच दिवसांत उतरतं, हे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. ते किती उतरतं? १९८४ साली नॉर्मन रोझेन्थाल या मानसोपचारतज्ज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं. त्यात माणसाला झोप जास्त येते, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, वजन वाढतं, लोकांत मिसळणं नको होतं. दिवस मोठे झाले की हे सगळं ओसरतं. एरवी आवडणाऱ्या गोष्टींत सलग दोन आठवडे रस वाटत नसेल, दिवसाचा बहुतेक वेळ मन जड असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो कृतघ्नपणा नाही, आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. त्यासाठी डॉक्टरांकडे जायचं, वहीकडे नाही. या आजारात १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) खास दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसण्याचा उपचार अनेकांना लागू पडतो. पण डोळ्यांचा काही विकार असेल किंवा मनाचे चढउतार फार टोकाचे असतील, तर तो स्वतःच्या मनानं सुरू करू नये.

मन एवढं उतरत नसेल तरी उजेडाची गोष्ट तुमच्या कामाची आहे. नेहमीच्या ऑफिसात ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. बाहेर आभाळ भरलेलं असलं तरी दिवसा काही हजार लक्स असतो. डोळे दोन्हीकडे जुळवून घेतात, म्हणून हा फरक आपल्या लक्षात येत नाही. शरीराच्या घड्याळाला तो बरोबर कळतो. अंधारात जाऊन अंधारात येणाऱ्या माणसानं मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं बाहेर काढली तरी खूप झालं. हा सल्ला फार साधा आहे, म्हणूनच लोक तो टाळतात. तुम्ही टाळू नका.

काळोख्या सकाळींबद्दल तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, तो मनाचा खेळ नाही. सगळ्यात लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो, पण सगळ्यात उशिराचा सूर्योदय त्या दिवशी नसतो. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची सूर्याभोवतीची वाट पूर्ण गोल नाही. त्यामुळे या दिवसांत सूर्य माथ्यावर येण्याची वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकते. म्हणून त्यानंतरही काही दिवस, काही ठिकाणी काही आठवडे, सकाळ उशिराच होत राहते. संध्याकाळ मात्र तोवर लांबायला लागलेली असते. तुम्ही उजेड सकाळी शोधत होता, तो संध्याकाळच्या बाजूनं परत येत होता. रोज सुटण्याच्या वेळी एकदा आकाशाकडे बघा. आठवड्यापूर्वी याच वेळी जी छपरं दिसत नव्हती, ती आता दिसतात का? इतका छोटा बदल नुसता दिसणं हेही सुख आहे. ते फुकट मिळतं आणि कुणाचं हिरावूनही घ्यावं लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मिशेल काबानाक नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं १९७१ साली एक फार सुंदर गोष्ट मांडली. प्रयोगात माणसांना पाण्यात बसवून त्यांचं शरीर आधी थोडं गार किंवा गरम केलं आणि मग हाताला वेगवेगळ्या तापमानाचं पाणी लावलं. शरीर गारठलेलं असताना जे गरम पाणी अतिशय सुखद वाटलं, तेच शरीर तापलेलं असताना नकोसं झालं. पाणी तेच, हात तोच. म्हणजे सुख त्या पाण्यात साठवलेलं नसतं. शरीराला त्या घडीला ज्याची गरज असते ते मिळालं की सुख तयार होतं. आणि गरज भागली की तेही विरतं.

थंडीतली जवळजवळ सगळी सुखं या जातीची आहेत. ती उंबरठ्यावर असतात. बाहेरून आत येताना, सावलीतून उन्हात जाताना, गार चादरीवर पाठ टेकताना. हा क्षण फार छोटा असतो. पाच मिनिटांनी अंगाला ऊब सवयीची होते, आणि ते नैसर्गिकच आहे. मनाची ही सवय फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी त्याच वर्षी, १९७१ मध्येच, मांडली होती. चांगलं काही मिळालं की आपण थोडा वेळ खुलतो आणि मग पुन्हा नेहमीच्या पातळीवर येतो. तुम्ही रात्री वही उघडता तेव्हा दिवसभरातले ते सगळे उंबरठे ओलांडून कितीतरी तास झालेले असतात. 'पांघरूण' हा शब्द उरतो, त्याची ऊब गेलेली असते.

म्हणून माझं सांगणं असं की रात्रीच्या यादीपेक्षा दिवसातल्या एका उंबरठ्यावर थांबा. एकाच. सगळे क्षण जाणीवपूर्वक जगण्याचा हट्ट केलात तर तेही नवं ओझं होईल.

उदाहरणार्थ, सकाळचा वाफाळता कप. थंडीत शरीर आतले अवयव गरम राखायला बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसून घेतं, म्हणून बोटं गार आणि थोडी बधिर होतात. कप दोन्ही तळव्यांत धरला की पहिल्यांदा तळव्याच्या मधोमध चटका जाणवतो, मग ऊब बोटांच्या मुळाशी येते, आणि टोकांना अगदी शेवटी पोचते. तिथं बारीक मुंग्या येतात, कारण रक्त परत येतंय. वाफ नाकाला लागते, चष्मा असेल तर काचांवर धुकं चढतं आणि कडेकडेनं उतरतं. हे सगळं एका मिनिटाच्या आत होतं. त्या मिनिटात फोन हातात नको, आणि उभ्यानं नको, एवढंच पथ्य. कप पिऊन झाल्यावर 'आभारी आहे' म्हणायची गरज नाही. ते मिनिट खरोखर तुमच्या वाट्याला आलं असेल तर मनात काहीतरी आपोआप मऊ होतं.

किंवा ऊन. थंडीत सूर्य आकाशात खालच्या बाजूनं जातो, त्यामुळे खिडकीतून येणारं ऊन उन्हाळ्यापेक्षा खोलीत कितीतरी आत येतं. एरवी कधी उजेड न पोचणारा कोपरा, कपाटाची खालची कड, जमिनीवरचा जुना ओरखडा, सगळं या दिवसांत उजळतं. सुट्टीच्या दिवशी त्या उन्हाच्या तुकड्यात पाय ठेवून बसा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांत तो तुकडा पायावरून सरकतो आणि तुम्हालाही सरकावं लागतं. मुलं जवळ असतील तर त्यांनाही सरकायला बोलवा. उन्हामागे सरकत जाण्यात वेळ घालवलेला कुणीही नंतर हळहळलेला मी पाहिलेला नाही.

पांघरुणाबद्दल तर मला मुद्दाम लिहायचंय, कारण तिथंच तुमचं सुख अडतं. पांघरुणाला स्वतःची ऊब नसते. शांत पडलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरातून साधारण ८० ते १०० वॅट उष्णता सतत बाहेर जात असते. कापूस किंवा लोकर त्या उष्णतेला आपल्यातल्या हवेत अडवून धरते. पहिली काही मिनिटं गार वाटतं आणि मग सगळं सुखावतं ते त्यामुळे. म्हणजे त्या पांघरुणात तुम्ही कुणाची तरी ऊब घेऊन झोपता असं नाही, ती तुमच्याच अंगाची असते. तुम्ही अंगावरचं फेकून रात्रभर कुडकुडत राहिलात, तरी रस्त्यावरच्या एकाही माणसाला एका अंशानंही बरं वाटणार नाही.

तरीही ती टोचणी मला खोटी वाटत नाही, आणि ती दाबून टाका असंही मी म्हणणार नाही. ती तुम्हाला खरी माहिती देतेय: काही माणसांकडे पांघरूण नाही. या माहितीचं उत्तर दिवसा द्यायचं असतं. घरात वापरात नसलेलं पांघरूण, स्वेटर, मोजे थंडीच्या सुरुवातीलाच बाहेर काढा. धुवा, फाटलं असेल तर शिवा, आणि रोज येण्याजाण्याच्या वाटेवर जो उघड्यावर रात्र काढतो त्याला नेऊन द्या. देताना त्याला काय हवंय ते विचारलंत तर फारच छान. कधी पांघरुणापेक्षा खाली अंथरायला हवं असतं, कारण जमीन अंगातली ऊब ओढून घेते. एवढं केल्यानं जगातली थंडी संपणार नाही. पण रात्री टोचणी आली की "त्याचं मी सकाळी बघितलं" असं तिला प्रामाणिकपणे सांगता येईल आणि डोळे मिटता येतील. अपराधी वाटणं आणि मदत करणं या दोन गोष्टी आपण फार वेळा एक समजतो, आणि पहिली केली की दुसरी झाली असं वाटून घेतो.

आता वहीबद्दल. कृतज्ञतेच्या नोंदींवर खरंखुरं संशोधन झालेलं आहे, मैत्रिणीनं काही चुकीचं सांगितलं नव्हतं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार वाटलेल्या गोष्टी लिहिल्या, तर काहींनी कटकटी लिहिल्या. आभार लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य एकंदरीत अधिक बरं वाटलं. पण पुढचं लक्षात घ्या. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. तुम्ही तर रोज लिहीत होता, वर रोज पाच! कुणाच्याही हातून ते यांत्रिकच झालं असतं.

तेव्हा वही बंद करू नका, तिला मोकळीक द्या. आठवड्यातून एकदा, आणि तेही लिहावंसं वाटलं तर. एकच गोष्ट लिहा, पण पूर्ण लिहा. 'ऊन' असं नको. कुठलं ऊन, कुठल्या खोलीत, पायावर पडलं की पाठीवर, शेजारी कोण होतं, काय बोलणं चाललं होतं. इतकं बारीक लिहिलं की तेच ते पुन्हा येतच नाही, कारण कुठलेही दोन दिवस इतक्या जवळून बघितले तर सारखे नसतात. आणि एखादा आठवडा काहीच सुचलं नाही तर पान कोरं सोडा. काही आठवडे खरंच वाईट असतात. तिथं जबरदस्तीनं फूल चिकटवू नये.

मन फारच मख्ख झालं असेल तर आणखी एक वाट आहे. मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की एखादी चांगली गोष्ट आपल्या आयुष्यात आलीच नसती तर काय झालं असतं, याची कल्पना केली की ती गोष्ट आठवण्यापेक्षाही मन जास्त उल्हसित होतं. 'घर आहे' असं लिहिण्याऐवजी हे घर आपल्याला मिळालं ते कुणाच्या शब्दामुळे, कुठल्या योगायोगानं, आणि तो योग हुकला असता तर आज थंडीत आपण कुठे असतो, हे पाच मिनिटं मनात चालवून बघा. हे रोज करायचं नाही, अधूनमधूनच. आणि मन आधीच खचलेलं असेल त्या दिवशी मुळीच नाही.

बहिणीचं "तुला कमी काय आहे?" हे वाक्य मात्र मला खटकलं. त्या मायेनंच म्हणत असतील, पण या वाक्यानं समोरच्याचं तोंड बंद होतं. ज्याच्याकडे सगळं आहे त्यालाही थंडी वाजते, थकवा येतो, काळोखाचा कंटाळा येतो. कृतज्ञता ही दुःखाला गप्प बसवण्यासाठी वापरायची वस्तू नाही, दुसऱ्याच्याही नाही आणि स्वतःच्याही नाही. बहिणीशी वाद घालू नका. फक्त म्हणा, "कमी काही नाही गं, पण आज मला जड वाटतंय, जरा ऐक." बहुतेक बहिणी एवढ्यावर ऐकतात.

आणि आता सासूबाई. मला वाटतं तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि तुम्ही तो जवळजवळ शेवटी, खालच्या आवाजात लिहिलाय. त्यांच्याबद्दलचे आभार वर्षभर एका वहीत साठताहेत आणि ज्यांचे आहेत त्यांना त्याचा पत्ताच नाही. त्या पहाटेच्या गारठ्यात, सगळे झोपलेले असताना उठतात. त्यांची पावलं गार फरशीवर पडतात, त्यांचे हात गार पाण्यात जातात, आणि तुम्ही उठता तेव्हा पाणी तयार असतं. त्यांना काय ऐकायला मिळतं? तुटक हो-नाही.

तुम्ही तुटक बोलता यामागे कारणं असतील. इतक्या वर्षांच्या सहवासात काही बोललेलं, काही मनात राहिलेलं असतंच. ते सगळं मिटल्यावरच आभार मानायचे असं ठरवलंत तर दिवस कधीच उजाडणार नाही. एखाद्या गोष्टीचा राग आणि दुसऱ्या गोष्टीबद्दल आभार हे एकाच माणसाबद्दल एकाच दिवशी वाटू शकतं, आणि दोन्ही खरं असतं.

तुम्हाला संकोच वाटेल. इतक्या वर्षांत कधी म्हटलं नाही, आता एकदम कसं म्हणायचं, नाटकी वाटेल, त्याही बुचकळ्यात पडतील. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं. आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होतं की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल; प्रत्यक्षात ते अवघडलेपण त्यांच्या अंदाजापेक्षा कमी निघालं आणि आनंद मात्र अंदाजापेक्षा बराच जास्त. शब्द नीट जमतील का, याची चिंता लिहिणाऱ्यांनाच होती. वाचणाऱ्यांना त्यातला जिव्हाळा पोचला.

मोठं काही बोलू नका. "तुम्ही आमच्यासाठी किती करता" असं मोघम म्हटलंत तर त्या "असू दे गं" म्हणून उडवून लावतील. नेमकं बोला. "आई, तुम्ही पाणी तापवून ठेवता ना, त्यामुळे माझी सकाळ सुरू होते. नाहीतर मला या थंडीत उठवतच नाही." बस, एवढंच. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही आधी उठा आणि त्यांना म्हणा, आज तुम्ही पडून राहा. त्या पडून राहणार नाहीत, उठून तुमच्याजवळ येऊन बसतील. बसू द्या. दोन कप भरा. बोलायला विषय सापडला नाही तर त्यांना विचारा, त्या लहान असताना थंडीत त्यांच्या घरी सगळ्यात आधी कोण उठायचं.